यादीत कुकर नव्हता

हरिदासने फॉर्मवर सुशांतचं नाव लिहिलं, पण पुढे पेन काही चालेना. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. सातला बास्केटबॉल लीगची यादी बंद होणार होती. एकदा ती बंद झाली की सीझन संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही.

दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आपल्या बिल्डिंगखाली तो खुर्ची टाकून बसला होता. फॉर्म होता अदलाबदलीचा. सुशांत अल गराफाच्या टीमला द्यायचा आणि त्यांचा जियाद आपल्याकडे घ्यायचा. जियाद बरा खेळतो, म्हणजे बराच म्हणायचा. उंच आहे, आणि मुख्य म्हणजे त्याचं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट नुकतंच तीन वर्षांनी वाढलं होतं. सुशांतची गोष्टच वेगळी. सांगलीच्या शाळेतल्या सिमेंटच्या मैदानावर तयार झालेला हा गडी. त्याच्या हातात बॉल गेला की समोरचा कोच बसल्या जागेवरून उठून उभा राहायचा. हरिदासच्या 'सह्याद्री' टीमला दोह्यात कुणी ओळखत असेल, तर ते त्याच्यामुळे.

पण सुशांत कतार सोडून चालला होता. हरिदासची तशी खात्रीच झाली होती. डिसेंबरात त्याची बायको मधुरा मुलीला घेऊन सांगलीला गेली, ती परत आलीच नाही. मग परवा मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्याची विक्रीची यादी आली. डबल बेड, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, मुलीचं अभ्यासाचं टेबल. काल गाडीही गेली. इथे बारा वर्षं एसी दुरुस्त करत काढलेल्या हरिदासला याहून जास्त काय सांगायला हवं?

मग सरळ विचारायचं की, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी इथे राहून बघावं. इथे माणसाला पगार विचारतील, पोटाचं ऑपरेशन विचारतील, पण 'जातोयस का' असं विचारत नाहीत. नोकरी गेली असेल तर जिवाला लागतं, आणि नवी मिळाली असेल तर ती बाहेर फुटायची धास्ती. तो सांगेल तेव्हा ऐकायचं, एवढंच.

गेल्या वर्षी हरिदास असाच गप्प बसला होता. सेमीफायनलच्या चार दिवस आधी वरुण 'खलास, चाललो' म्हणून कायमचा गावी निघून गेला. सामन्यात एकाचा पाय मुरगळला, बदली कुणी नव्हतं, आणि 'सह्याद्री' चौघांत खेळून चाळीस पॉइंटांनी हरली. त्यानंतर निम्मे जण मैदानावर यायचेच बंद झाले. ड्रायव्हर, वेल्डर, ऑफिसातली पोरं, सगळी घरापासून लांब, आठवडाभर त्या शुक्रवारची वाट बघणारी. टीम पुन्हा उभी करताना हरिदासच्या नाकी नऊ आले होते. आता पुन्हा तसंच झालं तर टीम मोडणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

तरी मनाला पटत नव्हतं. गराफाच्या कॅप्टन उसामापाशी त्याने सुशांतच्या जाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. चोरीचा माल खपवल्यासारखं वाटत होतं.

वॉचमन अबूबकर बादली घेऊन जिना उतरला. तिसऱ्या मजल्यावर बॅचलर खोलीत एक बेड रिकामा होता, तिथे आज नवा माणूस येणार असल्याचं त्याने सांगितलं. हरिदासने नुसती मान हलवली. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

साडेसहाला टॅक्सी थांबली आणि सुशांत उतरला. हातात पिशवी होती, आणि तिच्यातून कुकरची दांडी बाहेर आली होती. परत जाणारा माणूस शेवटी कुकर, इस्त्री, मिसळणाचा डबा असं काहीबाही ओळखीच्याला देऊन जातो. हा निरोपच होता तर.

त्याने फॉर्म पुढे केला. खेळाडूची सही लागते.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "मला टीम बघायला लागते."

सुशांतने फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला. का, म्हणून त्याने विचारलं नाही. त्याचा चेहरा तेवढा उतरला. त्याने पिशवी खाली ठेवली, सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

हरिदासने फॉर्मचा फोटो लीगला पाठवला. पाच मिनिटांत मंजुरी आली; मंजूर झालेली अदलाबदल मागे घेता येत नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्याने वाकून कुकरच्या पिशवीला हात घातला आणि म्हणाला, हा मी जपून वापरीन. मग, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, विमान कधीचं आहे तेही विचारून टाकलं.

"कुठलं विमान?" सुशांतने विचारलं.

हरिदास तसाच वाकलेला राहिला.

"कंपनीने फॅमिली फ्लॅट काढून घेतला, दादा. म्हणून त्या दोघींना पाठवलं. सांगायची लाज वाटली." सुशांतने पिशवी हळूच त्याच्या हातातून घेतली. "तिसऱ्या मजल्यावरचा बेड मीच घेतलाय. कंपनीची खोली मिळत होती, पण लांब, उम्म सलालला. एकट्यानेच राहायचं, तर निदान टीमजवळ राहावं म्हटलं. गाडी नसली तरी प्रॅक्टिसला पायी येता येईल."

अबूबकर किल्ली घेऊन आला. सुशांतने ती घेतली आणि टॅक्सीतून गुंडाळलेली गादी काढून खांद्यावर टाकली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो थांबला.

"दादा," त्याने विचारलं, "इथून गराफाला बस कुठली जाते?"