खाडीतला नमस्कार

"साष्टांग नमस्कार घाल!" चांगुणाबाई काठावरून गरजल्या.

शिंपल्या वेचायला खाडीत पुढे गेलेली त्यांची सून गुडघाभर चिखलात रुतली होती आणि भरती चढत होती. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई.

"मी बुडतेय, आई, आणि तुम्हाला नमस्कार सुचतोय?" हेमलता रडवेली झाली. लग्नापासून ती सासूपुढे नुसती मान तुकवी, वाकून पाया कधी पडत नसे, आणि त्यावरून आळीतल्या बायका चांगुणाबाईंना टोचत.

"अगं शहाणे, सगळा भार दोन पावलांवर ठेवलास तर चिखल गिळणारच! अंग पसर, म्हणजे तोच उचलून धरेल. पड पालथी!"

पाण्याची पहिली लाट अंगाला लागली, तशी हेमलता हात पसरून पालथी पडली. चिखलाने तिला खरंच पेललं. एकेक पाय सुटला, आणि सरपटत ती थेट चांगुणाबाईंच्या पावलांशी आली.

दोर घेऊन धावत आलेल्या आळीतल्या बायका बघतच राहिल्या. चांगुणाबाईंनी चिखलाने माखलेल्या त्या डोक्यावर हात ठेवला.

"उठू का, आई?"

"थांब गं, या सगळ्यांना नीट बघू दे."