पिवळी गोळी

धुळ्याच्या डॉक्टरांनी मंजुळाबाईला बजावलं होतं, "ही पिवळी ताकदीची गोळी दुखणं थांबवायला नाही, अर्धशिशी येऊच नये म्हणून आहे. पोरीला रोज द्या. तरीही डोकं चढलंच, तर अंधारात निजू द्या."

तीन महिने कोकिळाचं डोकं चढलं नव्हतं. काल हरभरा काढायच्या गडबडीत गोळी राहिली, आणि आज भरदुपारी पोर डोळ्यावर हात दाबून शाळेतून परत आली. मंजुळाबाई स्वतःलाच शिव्या घालत होती. घरात अंधारी खोली एकच, धान्याची. तिनं कडी काढली, दादर ज्वारीच्या कोठीला लागून गोधडी अंथरली, पोरीला गोळी दिली.

"माय, आठे लसूनना वास ई राहिना," कोकिळानं नाक दाबून धरलं.

"डोकं चढनं का तुले बठ्ठा वास येतस. नीज."

बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं. फटीतून उन्हाची तिरीप आत जात होती, तिथं जुनं लुगडं कोंबलं. बराच वेळ कण्हणं ऐकू येत राहिलं, मग थांबलं. लागला एकदाचा डोळा, म्हणून तिनं सुस्कारा सोडला. यापुढे एक दिवसही गोळी चुकवणार नाही, अशी एकविरादेवीची शपथ घेतली.

तिन्हीसांजेला तिचा नवरा झुलाल शेतातून आला. ओट्यावर पाय धुता धुता म्हणाला, "तुले सकायले सांगानं ऱ्हाई गयं. दादरले किडा लागेल व्हता, कोठीमा जहरी गोळ्या टाक्यात. त्यासना लसूननागत वास बी जहरी ऱ्हास. चार दिन त्या खोलीमा कोनी पाय ठेवू नका."