दोन शिश्या आणि उष्टी हळद

हिरानं फाउंडेशन बोटानं टिपून लावलं, जरा पुसलं, पुन्हा लावलं आणि नवरीच्या हातात आरसा दिला.

“बघ गो, कसं दिसतं.”

कामिनीनं आरसा घेतला आणि सरळ दाराशी गेली. खोलीतल्या दिव्यावर तिचा विश्वास नव्हता. गुडलँड्सच्या कारखान्यात ती स्वेटर तपासायची, आणि तपासायची ते खिडकीपाशी, उजेडात. दिव्याखाली काय, सगळेच रंग जुळतात! पिवळ्या साडीचा पदर बाजूला करून तिनं गाल आणि गळा एकदमच आरशात धरला.

“दीदी, बाही एका रंगाची, पाठ दुसऱ्या रंगाची. माल परत.”

हिराचा चेहरा पडला. लंडनमध्ये नर्स असलेली ही मोठी बहीण. बहिणीच्या लग्नासाठी तिनं सुट्टीच्या दिवशी पाच दुकानं पालथी घातली होती, आणि पाचही ठिकाणी ‘याहून गडद नाही’ हेच ऐकलं होतं. शेवटी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं, जुळलं, घेतलं. दोघी बहिणींचा रंग एकच, हे तर सगळं पेती राफ्रे गाव लहानपणापासून सांगायचं. पण जानेवारीतल्या लंडनमध्ये आपलं मनगट किती फिकं पडलंय, हे काही हिराबाईंच्या डोक्यात आलं नाही. आता माहेरच्या बेटावरचं ऊन तीन आठवडे अंगावर घेतल्यावर तिच्या स्वतःच्या हातावरही ते गुलाबीच दिसत होतं.

“आयो! पीठ फासल्यागत दिसतंय,” शेजारी बसलेली गंगा आते बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पीठ हा शब्द हिरासमोर कुणी काढत नसे.

समोरच्या भिंतीवर हिराच्या लग्नाचा फोटो होता, सहा वर्षांपूर्वीचा. तोंड पांढरंफटक, खाली गळा सावळा, आणि मधे सरळ रेघ. गावातल्या बाया अजून तो फोटो आठवून हसायच्या. तेव्हापासून कॅमेरा दिसला की हिरा पदर गळ्याभोवती गुंडाळून घ्यायची, नाहीतर स्वयंपाकघरात पळायची. कामिनीवर ती वेळ येऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप केला होता. आणि झालं नेमकं तेच.

“पुसून टाक,” ती म्हणाली. “काहीच लावू नको. तशीच छान दिसतेस.”

“पुसते कशाला? थांब.” कामिनीनं उशीखालून एक शिशी काढली. “ही मी गुडलँड्सच्या बाजारातून आणलीय. तुला वाईट वाटेल म्हणून लपवली होती.”

हिरानं तिच्या दुसऱ्या गालावर ती लावून पाहिली. तो गाल विटेसारखा लाल झाला. हिराला रडू यायचं ते हसू आलं, आणि मग तिघींनाही आवरेना.

“वऱ्हाड अकराला येणार,” आते डोळे पुसत म्हणाली, “आणि नवरी बघा, अर्धी वीट नि अर्धं पीठ!”

कामिनीनं बशी मागितली. “कारखान्यात रंगवाले काय करतात? मिसळतात.” दोन्ही शिश्यांतलं थोडं थोडं ओतून तिनं बोटानं कालवलं, हनुवटीखाली लावलं आणि पुन्हा दार गाठलं. गडदपणा बरोबर आला होता, पण त्यावर राखेची झाक होती.

“पिवळं कमी पडतंय.”

तिघींनी एकदमच देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथं वाटीत हळद होती. काल संध्याकाळी कांप दे मास्क गावाहून, नवऱ्या मुलाच्या घरून आलेली. आधी देवानंदला लावून उरलेली, नवरीसाठी धाडलेली उष्टी हळद. सगळ्या वाटेत ती आतेनं मांडीवर सांभाळून आणली होती.

“नाही हां,” आते म्हणाली. “शकुनाची हळद आहे ती. बाजारच्या रंगात कालवायची नाही.”

“आते, ती मला लावायचीच असते ना?”

आते स्वतःच उठली, देवाला हात जोडले, वाटी घेऊन आली आणि बशीत चिमूटभर सोडली. “जास्त नको, नाहीतर कावीळ झाल्यागत दिसशील.”

या खेपेला कामिनी दारात बराच वेळ उभी राहिली. गाल कुठं संपतो नि गळा कुठं सुरू होतो, ते तिला सापडेना.

“सा मेम!” ती ओरडली. “हेच ते!”

हिरानं तिचं तोंड निवांतपणे रंगवलं. आतेनं मुंडावळ्या बांधल्या. बशीत अजून थोडं उरलं होतं. कामिनीनं ते बोटावर घेतलं आणि हिराच्या गालापासून गळ्यापर्यंत ओढलं.

“अगं, मला कशाला?”

“गप बस. माल तपासू दे.” तिनं बहिणीला कोपराला धरून दारात नेलं आणि आरसा तिच्यासमोर धरला.

हिरानं गालावरून गळ्यापर्यंत बोट फिरवलं; रेघ कुठंच नव्हती.

तेवढ्यात अंगणातून फोटोवाल्या सुरेंद्रची हाक आली. वऱ्हाडाची बस वळणावर दिसत होती, नवरीला बाहेर आणा. हिराचा हात सवयीनं पदराकडे गेला. एक वेढा गळ्याभोवती पडलासुद्धा. मग तिनं तो सोडवला, पदर खांद्यावर नीट बसवला, पिन लावली आणि कामिनीचा हात धरून अंगणात उतरली.

“सुरेंद्र,” ती म्हणाली, “आधी आमचा दोघींचा काढ. गळ्यासकट.”