चवीपुरती

फेडेरेसी आत्या नाबोसाला दवाखान्यातून घेऊन परतली, तेव्हा नाबोसाची आई यूनिस दारूच्या भट्टीपाशी बसून तांब्याच्या नळीवर दलदलीचं गार पाणी ओतत होती. नणंद दिसताच तिनं हात पुसले, गुडघे टेकून रीतीप्रमाणे वाटेची विचारपूस केली आणि मान वर न करताच म्हणाली, "कितवा महिना, वन्सं?"

"पोटात काही नाही हिच्या."

यूनिस तशीच गुडघ्यांवर राहिली.

परवापासून तिनं लेकीला चुलीच्या झोपडीत कोंडून झोपवलं होतं. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी बापाच्या छपराखाली झोपली तर घरादाराला भोवतं, हे तिथं कोणाला सांगावं लागत नाही. पोराचं नाव सांग म्हणून तिनं ओल्या फोकानं मारलंही होतं. पोरगी नाव सांगेना, तसं तिनं आपणच एक ठरवलं आणि चर्चमध्ये ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या आईच्या दारात जाऊन सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलून आली. नाबोसाला झोप नव्हती, घाम फुटत होता, हात कापत होते. ते पाहून तर यूनिसची खात्रीच पटली. काही केल्याशिवाय का कोणाचे हात असे कापतात?

आता ती उठली. ओल्या हातांनी तिनं लेकीचा चेहरा धरला, केसांत अडकलेली काडी काढली, आज घरात झोप म्हणाली, कच्च्या केळ्यांचं मटोके उकडते, शेंगदाण्याचं कालवण करते म्हणाली. आणि रडली. नाबोसानं क्षणभर तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. सोळा वर्षांची पोर, पण आईच्या खांद्याशी अजून तेवढीच दिसत होती.

आत्याला बसायला स्टूल दिलं होतं. ती बसली नाही. "मग पाळी का थांबली, ते नाही विचारलंस," ती म्हणाली.

दवाखान्यातल्या सुईणबाईंनी नाबोसाला शेजारी बसवून एकेक काढून घेतलं होतं. आधी महिन्यातून दोनदा यायची, आणि अंगावरून इतकं जायचं की वर्गात बाकावरून उठायची भीती. मग दोन दोन महिने पत्ता नसायचा. आता पाऊस संपल्यापासून काहीच नाही. बाईंनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, कापणारी बोटं पसरवून बघितली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, कधीपासून घेतेस? त्यांचं म्हणणं असं, की या वयात बाईच्या अंगाची घडी बसत असते. रोज दारू गेली की ती बसत नाही, बसलेलीही विस्कटते. आता सोडवली तर बहुधा सगळं मार्गी लागेल. असंच चालू राहिलं, तर पुढं हिला मूल होईल की नाही, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि हात कापतात ते तुम्ही दोन दिवस कोंडून ठेवलंत म्हणून, मिळाली नाही म्हणून. एकदम तोडलीत तर जिवावर बेतेल. माझ्याकडे आणून ठेवा.

"माझी पोरगी पीत नाही, वन्सं," यूनिस म्हणाली. "चवीपुरती घेते."

तिच्या लेखी ते खरंच होतं. पहिली धार किती कडक उतरली, कुठं तोडायची, फिकी कधी लागली, हे जिभेशिवाय कळत नाही. आधी यूनिस स्वतःच बघायची. मग चर्चमध्ये तिचं तारण झालं, येशूनं तिला पापातून सोडवलं. सगळ्या मंडळीपुढं हात वर करून तिनं शपथ घेतली, की यापुढं दारूचा थेंब ओठांना लागू देणार नाही. घर भट्टीवर चालत होतं, ते तसंच चाललं. शपथही तिनं काटेकोर पाळली. तेव्हापासून दर भट्टीला नाबोसा. शाळेआधी, शाळेतून आल्यावर. सुरुवातीला पोर ओकायची. पाळीच्या दिवसांत पोटात कळा आल्या, की यूनिसच अर्धी वाटी कोमट करून तिला पाजायची आणि पाय चेपत बसायची.

"लांबून लांबून माणसं येतात हिच्या जिभेच्या भरवशावर," ती म्हणाली. त्यात कौतुक होतं.

आत्यानं नाबोसाचा हात धरला होता तो सोडला नाही. कपडे बांध हिचे, म्हणाली, उन्हं उतरायच्या आत परत दवाखान्यात पोचायचंय. यूनिसनं पिंपाकडं पाहिलं. खाली जाळ चांगला धरला होता, आणि एकदा तापलेलं पिंप अर्ध्यावर सोडता येत नाही.

"मग आजची धार बघायची कोणी?"

"तूच बघ."

नणंदेनं भलतंच काही मागितल्यासारखी यूनिस तिच्याकडं बघत राहिली. "मी? माझं तारण झालंय, वन्सं."

"आणि हिचं?"

नळीच्या तोंडाशी थेंब जमला, लांबला, सुटला. त्यामागून दुसरा. यूनिसनं कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या टोकानं वाटी पुसून धारेखाली धरली. ती रागावली नव्हती. लहान मुलाला समजवावं तशी ती बोलली.

"तिला अजून वेळ आहे."

नाबोसानं आत्याच्या मुठीतून आपली बोटं एकेक करून सोडवून घेतली आणि वाटीपाशी जाऊन बसली.