दमलेला डबा

“कुठल्या गाइडमधून उचललंस?” इंग्रजीच्या बाईंनी पुन्हा विचारलं.

“माझंच आहे, बाई.”

वर्गात सगळे जिला घुमी म्हणत ती मुलगी शिक्षकांच्या खोलीत टेबलासमोर उभी होती. इंग्रजीची तोंडी परीक्षा नुकतीच झाली होती. पर्सॉनिफिकेशन म्हणजे काय, तर निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं म्हणायचं. एवढं सांगून प्रत्येकाने स्वतःचं एक उदाहरण द्यायचं होतं. सगळ्या वर्गाचा सूर्य हसला, सगळ्या वर्गाचा वारा कुजबुजला. एकाच गाइडमधून पाठ केलेलं हे हसणं-कुजबुजणं बाईंनी खुशाल चालवून घेतलं. घुमीची पाळी आली तेव्हा तिला ऐन वेळी ना सूर्य आठवला ना वारा. तिच्या तोंडून निघून गेलं, बाबांचा डबा दिवसभर बागेतल्या बाकावर बसतो आणि संध्याकाळी दमून घरी येतो. आणि तेही बिनचूक इंग्रजीत!

बाईंचे कान टवकारले. कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या तासाला शेजाऱ्याचं खोडरबर मागायचीही चोरी होती. वर्षभर जिने तोंडातून चकार शब्द काढला नाही, तिला हे सुचेलच कसं? त्यांनी तडक तिच्या आईला फोन लावला.

गुण गेले असते तरी घुमीला चाललं असतं. पण शाळेने मुलांना मैदानावर नेलं होतं, त्या दिवशी तिने शेजारच्या बागेत बाबांना पाहिलं होतं. कारखान्यात असायच्या वेळी ते बाकावर बसले होते, शेजारी डबा. त्यांनीही तिला पाहिलं. नोकरी सुटलीय हे तिला न सांगताच कळलं. घरी दोघांनीही अवाक्षर काढलं नाही, आणि आईला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आता हे वाक्य आईच्या कानावर गेलं की बाबा उघडे पडणार होते, आणि त्यांना उघडं पाडणार होती ती स्वतः.

आई कपडे दुरुस्तीच्या दुकानातून तशीच उठून आली होती. मापाची टेप अजून गळ्यातच होती.

“काय केलं हिने?”

“चोरी,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याचं वाक्य उचललं आणि वर साळसूदपणे माझंच म्हणते.”

आईने घुमीकडे नीट पाहिलं. “ही खोटं बोलायची नाही, बाई. कुठलं वाक्य ते मला मराठीत सांगाल का?”

बाईंना तेच हवं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला. “ऐका. बाबांचा डबा दिवसभर बागेतल्या...”

“चोरलंय मी!” घुमी ओरडली. “गाइडमधून चोरलंय, बाई.”

पलीकडच्या टेबलावर पेपर तपासणाऱ्या गणिताच्या सरांनी मान वर केली. घुमीचा एवढा मोठा आवाज शाळेत कुणी ऐकला नव्हता.

“वाटलंच मला!” बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी तिच्या नावापुढे शून्य मांडलं. “कुठलं गाइड?”

“आठवत नाही.”

आठवत नाही म्हणजे काय? बाईंच्या कपाळावर पुन्हा आठी पडली. आता चोरी खरंच झाली का, याचाच त्यांना संशय यायला लागला होता. पण आईने “पुन्हा नाही करणार ती,” म्हणत घुमीचा हात धरला आणि तिला बाहेर काढलं.

आई जिना उतरायला लागली. गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळत राहिली. घुमी तिच्याकडे चोरून बघत होती. आईने किती ऐकलं? डबा ऐकला, की बागसुद्धा? रागावली असती तरी बरं झालं असतं.

फाटकाशी आई थांबली.

“कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्या माणसाची पँट बसायच्या जागी झिजत नाही,” ती म्हणाली. “यांची झिजलीय.”

घुमीने मान खाली घातली. तिला रडू यायला लागलं.

“बाक लाकडाचा आहे की सिमेंटचा?”

“सिमेंटचा.”

“वाटलंच मला,” आई म्हणाली. “आज आतून जाड कापड लावते. त्यांना मात्र सांगू नकोस.”