खंडित मूर्ती

“खंडित मूर्ती घरात ठेवत नसतात. विसर्जन करून ये,” उर्मिलाबाईंनी सुनेला बजावलं.

नंदिनीने लॅपटॉपवरून मान उचलली नाही. मीटिंग होती. मुलगा सारंगही इथल्या, आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात ड्यूटीला निघता निघता, आज जमणार नाही, एवढंच बोलून गेला.

मूर्ती कालच शेजारून भेट आली होती. शेजारची नर्स मॅग्डलेना नामिबियाची, खोइखोइ लोकांतली. त्यांच्यात देवाच्या मूर्ती घडवत नाहीत, पण तिच्या आजोबांनी हौसेनं हा कोरला होता. त्सुईगोआब, तांबड्या आभाळात राहणारा. घरात कसले देव चालतात, कसले नाहीत, हे तिनं सारंगला आधी विचारूनही घेतलं होतं. आणि तरी मूर्तीच्या डाव्या गुडघ्याचा टवका उडालेला.

उर्मिलाबाईंचाही डावाच. हिवाळ्यात बर्फावरून घसरल्या, ऑपरेशन झालं. लॉकडाउनमुळे नागपूरला परतणं लांबलं, आणि त्या खुर्चीतून उठेनाशा झाल्या. आता चालल्या नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मॅग्डलेना रोज विनवायची. मोडलं ते मोडलं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

पण देवाचं काम टाळून कसं चालेल? त्यांनी मूर्ती पिशवीत घातली, काठी घेतली आणि दार ओढलं. मागच्या उताराखाली ओढा आहे, असं मॅग्डलेना काल बोलली होती. उतारावर गुडघ्यातून कळ आली. त्यांनी दात आवळले. गुडघा वाकला.

काठावर पोचल्या तोच मागून मॅग्डलेना आली. मास्क सारखा करून अंतर राखून उभी राहिली. उर्मिलाबाईंनी आडपडदा ठेवला नाही. देवाचा गुडघा फुटलाय, म्हणाल्या. यात तुझा अपमान नाही, आमच्यात मानानं निरोप देतात.

“फुटलेला नाही, कोरलेला आहे. त्याच्या नावाचा अर्थच जखमी गुडघा. काळ्या आभाळातल्या वैऱ्याशी तो कितीदा हरला, दर वेळी जास्त बळ घेऊन उठला, शेवटी जिंकला. मरता मरता वैऱ्यानं गुडघ्यावर घाव घातला. आमचा देव लंगडतो, आंटी.”

उर्मिलाबाईंनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला. मूर्ती पुन्हा पिशवीत ठेवली.

“हे काल का नाही सांगितलंस?” शाळेत शिकवताना वर्गात चढायचा तसा त्यांचा आवाज चढला.

“सांगितलं असतं, तर तुम्ही इथवर चालत आला असता?”