होडीत उरलेला जोड

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनीही कान इकडे द्या. चपलांच्या एका जोडाची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मध्येच उठू नका.

पाण्याखालचे मासे बघायला निघालेल्यांची होडी खाडीतल्या तिवरांच्या मुळांपाशी थांबली होती आणि घड्याळजी तिच्या कडेला घट्ट धरून बसला होता.

"उतरा की हो," त्याची बायको म्हणाली. "जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलात. आज जरा पाण्यातलं बघा."

"घड्याळात मगर नसते," घड्याळजी म्हणाला.

सगळे हसले. मगर खरंच होती, पण लांब, खाडीच्या तोंडाशी, चिखलावर ऊन खात पडलेली. तिच्या शेजारी बगळे निवांत उभे होते.

"तिच्यावर माझी नजर आहे," होडी चालवणारी काकू म्हणाली. "तुम्ही मासे बघा. मुळांच्या आतपर्यंत जा, खरी गंमत तिथेच असते. तळ नीट बघा."

काकूचा नियम एकच. पाण्यात उतरताना पायातलं मधल्या फळीवर काढून ठेवायचं, वर आलं की आपापलं घालायचं. "डोकी मी मोजत नाही," ती म्हणे. "डोकी पाण्याखाली जातात. जोड उरला, की समजायचं माणूस उरला." तिचंही खरंच होतं. सकाळी निघालेल्यांतले काही जण वाटेतल्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरले होते, तिथून दुसरेच चढले होते. कोण कुठला, कुणाला पत्ता नव्हता.

घड्याळजीने पायांत पोहायचे रबरी पंख चढवले, डोळ्यांवर काच लावली, तोंडात नळी धरली, देवाचं नाव घेतलं आणि उतरला. आणि काय सांगू, पाण्याखाली मुळांच्या कमानीच कमानी, त्यांतून सुईएवढे निळे मासे पळताहेत. देवाने जणू आपलं कपाट उघडून दाखवलं. भीती विसरून तो आत आत गेला.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या टाचेला धरलं.

गार, कडक, बोटांसारखं काहीतरी रबरी पंखाच्या पट्ट्यात शिरलं आणि सोडेना. घड्याळजीने मागे वळूनही पाहिलं नाही. जीव खाऊन लाथ मारली, एकदा, दोनदा. पकड सुटली. चिखल उसळला आणि तो थेट होडीवर येऊन आदळला.

"पायाला काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"खरचटलं."

एकेक जण वर आला. चपला पायांत गेल्या. फळीवर एक जोड उरला. पुरुषाचा, चामड्याचा, पट्ट्यांवर मिठाची पांढरी रेघ. घड्याळजीची नजर सवयीने बकलावर गेली. बकल गंजून जागच्या जागी बसलं होतं. पण त्या क्षणी त्याला बकलाचं काय!

"कोणाचा हा?" काकूने विचारलं.

जो तो आपापल्या पायांकडे बघू लागला.

"तो निळ्या सदऱ्यातला कुठाय?" एका बाईने विचारलं.

"मी इथंच आहे, बाई," मागून आवाज आला. या वेळी कुणी हसलं नाही.

"मग राहिला कोण?"

"कुणाला माहीत! पण कुणीतरी राहिलाय."

पोहता येणारे पुन्हा उतरले. हाका सुरू झाल्या. घड्याळजी मात्र जागचा हलला नाही. ती बोटं होती. कुणीतरी बुडत होतं, आधाराला म्हणून त्याने टाच धरली, आणि मी लाथ मारली. बायकोला सांगावं, तर जीभ उचलेना.

एकदम बगळे उडाले. चिखलावर मगर नव्हती.

"वर या!" काकू ओरडली. "सगळे वर! आता कुणी उतरायचं नाही, माझी शपथ आहे!"

माणसं धडपडत वर चढली. काकूने इंजिनाच्या दोरीला हात घातला. आणि घड्याळजी उठला.

"अहो! कुठे निघालात?" बायकोने त्याचा दंड धरला. "वेड लागलं का?"

"मीच लोटलं गं त्याला," तो म्हणाला, हात सोडवून घेतला आणि उडी टाकली.

गढूळ पाण्यात दिसत काहीच नव्हतं. भिंगाचा उपयोग नव्हता, बोटांचा होता. मुळामागून मूळ चाचपत तो त्याच कमानीपाशी पोचला. माणूस नव्हता. केस नव्हते, कापड नव्हतं. छाती फुटायला आली तेव्हा बोटांसारख्या वाकलेल्या एका मुळाच्या टोकाला त्याच्या हाताला धातू लागला. त्याने तो ओढून काढला आणि वर आला. चार जणांनी त्याला होडीत खेचलं. मागे पाण्यावर एक लांब रेघ सरकत गेली.

बायको रडत त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. घड्याळजीने मूठ उघडली. आत हातातलं एक कडं होतं. त्यावर बारीक शिंपल्यांची खडबडीत पुटं चढली होती.

"माणूस मिळाला नाही, काकू," तो हुंदके देत म्हणाला. "एवढंच मिळालं."

काकूने कडं घेतलं. अंगठ्याने पुटं खरवडली. आतला डाग देऊन जोडलेला सांधा दिसला, त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग कडं पदरात बांधलं, फळीवरचा जोड उचलून मांडीवर घेतला आणि इंजिन सुरू केलं.

"काकू, अहो, माणूस राहिलाय ना!" सगळे ओरडले.

"तुमच्यातलं कोणी राहिलेलं नाही, लेकरांनो," ती म्हणाली. "हा जोड मी रोज घरून आणते. एवढी मुळं माझ्या एकटीच्यानं शोधून होत नव्हती."

बाबांनो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मुळांत बुडालेल्या काकूच्या लेकाची आठवण ठेवा.